जबाबदारी सिस्टरची, अधिकार कुणाचा?

दवाखान्यासमोरची रांग पाहून आपण गावाच्या प्रकृतीचा अंदाज बांधतो. त्या रांगेत उभे असतात ते रांगेपर्यंत पोहोचू शकणारे लोक. पक्षाघाताने वर्षभर अंथरुणाला खिळलेला माणूस तिथे नसतो. रोज बुडाला तर घरात चूल पेटणार नाही, म्हणून दुखणे अंगावर काढणारी मजूर बाई तिथे नसते. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात आणि गुडघे जिन्याला राजी नाहीत अशी एकटी आजी तिथे नसते. कर्जाने आणि नापिकीने मनातून खचलेला, आठवडाभर कुणाशी न बोललेला शेतकरी तर नसतोच. आपल्याला झालेय ते दुखणे आहे हेच त्याला कुणी सांगितलेले नसते. ज्याला मदतीची गरज सर्वांत जास्त आणि मदत मागायला येण्याची ताकद सर्वांत कमी, तो दुर्बल. ही व्याख्या मान्य केली तर पुढचे आपोआप येते. दुर्बलांसाठीची आरोग्यसेवा दवाखान्यात बसून देता येत नाही, ती घरी जाऊनच द्यावी लागते. आणि घरी जाणारी प्रशिक्षित व्यक्ती आपल्याकडे जवळजवळ नेहमी परिचारिकाच असते. गावाच्या तोंडी ती सिस्टर किंवा नर्सबाई, सरकारी कागदावर आरोग्य सेविका. प्रश्न तिच्या सेवाभावाचा नाही. त्या घरात उभी असताना तिला स्वतःच्या बुद्धीने काय ठरवता येते, हा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की आपण तिला जबाबदारी भरपूर दिली आणि अधिकार राखून ठेवला, आणि दुर्बल माणूस आरोग्यसेवेतून निसटतो तो नेमका या फटीतून.

घरी जाणाऱ्या परिचारिकेची कल्पना जुनी आहे. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी १८५९ साली वारली. तिच्या आजारपणात मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने घरी येऊन शुश्रूषा केली होती. पैसेवाल्याच्या घरी एवढ्या शुश्रूषेने फरक पडतो, तर गरिबाच्या घरी किती पडेल, या विचाराने रॅथबोन यांनी तिलाच तीन महिन्यांसाठी शहराच्या गरीब वस्तीत पाठवले. तिथली दैना पाहून ती सुरुवातीलाच खचली आणि मला यातून मोकळे करा म्हणाली. मुदत संपली तेव्हा मात्र तिला दुसरे कोणतेही काम नको होते. अमेरिकेत १८९३ साली लिलियन वॉल्ड यांनी न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या वस्तीत राहून हेच काम सुरू केले. त्यांचा एक निर्णय फार महत्त्वाचा होता. परिचारिकेला बोलावण्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे, घरच्यांनी थेट सांगावा धाडला तरी ती येई. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झाले आणि त्याने ससून रुग्णालयात मुलींना परिचारिकेचे शिक्षण मिळवून दिले. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात परक्याच्या मलमूत्राला हात लावण्याचे काम सुशिक्षित घरातल्या बाईने पत्करणे हे बंडच होते. पण ते बंड पुढे रुग्णालयाच्या चार भिंतींत स्थिरावले. घराघरात जाण्याचे काम पदाच्या उतरंडीत सर्वांत खाली राहिले, आणि आजही तिथेच आहे.

घरी दिलेली सेवा ही गरिबाची तडजोड असते, चांगली सेवा म्हणजे रुग्णालय, असा आपला समज असतो. तो खोडणारा भक्कम पुरावा भारतातच तयार झाला. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावर एक अभ्यास सुरू झाला. त्या काळी क्षयावर खरा उपचार म्हणजे सॅनिटोरियम: हवा, विश्रांती, सकस आहार. एकाच औषधयोजनेवरच्या रुग्णांतून काहींना सॅनिटोरियममध्ये आणि काहींना घरी ठेवले, कोण कुठे हे यदृच्छेने ठरवून. घरच्यांची राहणी दाटीवाटीची, जेवण निकृष्ट, आणि विश्रांती कसली? १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा घरचे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाल्याचे दिसले, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना होणारी लागणही वाढली नव्हती. जगभरच्या सॅनिटोरियमांचे महत्त्व ओसरायला इथून सुरुवात झाली. घरचा उपचार यशस्वी झाला तो गोळ्या हातात दिल्यामुळे नव्हे. कर्मचारी घरी जात, कधी न सांगता जात, गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध खरेच घेतले का ते पाहत. औषधाइतकेच महत्त्व या पाठपुराव्याला होते.

दुसरा पुरावा गडचिरोलीचा. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाच्या देखभालीचे शिक्षण दिले आणि ४७ गावांशी तुलना केली. बाळंतपणानंतर घरी जायचे, बाळाचे वजन आणि तापमान घ्यायचे, श्वास मोजायचे, जंतुदोषाची लक्षणे दिसली आणि आईबाप रुग्णालयात न्यायला तयार नसले तर प्रतिजैविक सुरू करायचे. त्यात जेंटामायसिनचे इंजेक्शनही होते. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. तिसरा पुरावा तामिळनाडूतल्या दिंडिगलचा, आणि तो तर थेट परिचारिकांचा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वलक्षणे त्यांनी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून, नुसत्या डोळ्यांनी ओळखली. २००७ सालच्या निष्कर्षांत या कर्करोगाच्या नव्या रुग्णांत २५ टक्के आणि मृत्यूंत ३५ टक्के घट दिसली. चौथा अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांचा. तिथे गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी नैराश्य ओळखून समुपदेशन आणि उपचार यांची साखळी उभी केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे सुरुवातीला शंभरात जेमतेम चार होते, दीड वर्षात ते २७ झाले. आणि पाचवा केरळचा. २००८ साली त्या राज्याने परिहार सेवेचे, म्हणजे असाध्य आजारातली वेदना आणि हाल कमी करणाऱ्या सेवेचे, धोरण स्वीकारले आणि ग्रामपंचायतींमार्फत घरोघर जाणाऱ्या परिचारिका नेमल्या. लघवीची नळी बदलणे, पाठीच्या जखमा धुणे, कूस कशी बदलायची ते घरच्यांना शिकवणे, वेदनेची गोळी वेळेवर मिळते का ते पाहणे, असे त्यांचे काम.

ही उदाहरणे रोगांनी, प्रदेशांनी, माणसांनी वेगळी. यातल्या काही ठिकाणी परिचारिका होत्या, काही ठिकाणी त्यांच्याहून कमी शिकलेल्या बायका. तरी चार गोष्टी बहुतेक सगळीकडे सारख्या दिसतात. घरे मोजकी आणि ठरलेली होती. भेट एकदाची नव्हती, पुन्हा पुन्हा होती. भेटीला गेलेल्या व्यक्तीला तिथल्या तिथे काहीतरी करण्याची मुभा होती. आणि ती अडली तर मागे उभे राहणारे कुणीतरी जवळ होते. पहिल्या दोन गोष्टी वेळेच्या, पुढच्या दोन अधिकाराच्या. यातली तिसरी काढून टाकली की भेटीचे सर्वेक्षण होते. माहिती वर जाते आणि घरात काही येत नाही.

आता आपल्या उपकेंद्राकडे पाहू. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष. तिथली एएनएम, म्हणजे हीच आरोग्य सेविका, मुळात सुईणपणाचे आणि प्राथमिक शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली. १९७३ सालच्या कर्तारसिंग समितीने एकेका रोगाचे वेगवेगळे कर्मचारी नेमण्याऐवजी बहुउद्देशीय कर्मचाऱ्याची कल्पना मांडली. विचार चुकीचा नव्हता, पण बहुउद्देशीय याचा अर्थ हळूहळू असा झाला की वरून येणारा प्रत्येक कार्यक्रम तिच्या खांद्यावर. आणीबाणीत आणि नंतरही कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांनी तिचे सगळे काम व्यापले. ती उद्दिष्टे अधिकृतपणे हटली १९९६ साली. तोवर सिस्टर दारात आली की काही बायका मागच्या दाराने निघून जाव्यात, इतका विश्वास खर्ची पडला होता. मग लसीकरण, मग संस्थात्मक बाळंतपण, मग मधुमेह-रक्तदाबाची तपासणी. प्रत्येक कार्यक्रमाची नोंदवही वेगळी, आणि नोंदवह्या ऑनलाइन झाल्या तेव्हा प्रत्येकाचे पोर्टल वेगळे. यातला एकही कार्यक्रम निरुपयोगी नाही. पण कोणताच कार्यक्रम तिला असे विचारत नाही की, तुझ्या गावात या घडीला सर्वांत जास्त अडचणीत कोण आहे आणि तू त्याच्यासाठी काय केलेस?

या रचनेतून माणूस कसा निसटतो ते दिवाळीच्या आगेमागे दरवर्षी दिसते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांच्या दिशेने निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती नवराबायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर, दिलेली असते. आजारपणाने दिवस बुडाला तर खाडा कापला जातो. बाई गरोदर असते, लेकराची लस अर्धी झालेली असते, सासऱ्याच्या क्षयाच्या गोळ्या चालू असतात. गावच्या सिस्टरच्या यादीत ही सगळी नावे आहेत, पण माणसे चार-पाच महिने फडाशेजारच्या कोप्यांत. ज्या उपकेंद्राच्या हद्दीत त्या कोप्या उभ्या आहेत तिथल्या सिस्टरच्या यादीत ही नावेच नाहीत. वारंवार होणारा त्रास, खाड्याची भीती आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांतून सुटका म्हणून कितीतरी तरुण बायकांनी गर्भाशय काढून टाकल्याचे पुढे आले, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. यातल्या पुष्कळ तक्रारींना सुरुवातीला जंतुदोषावरची साधी औषधे, स्वच्छ पाणी, आडोसा आणि विश्वासाने बोलणारे कुणीतरी पुरेसे झाले असते. कोप्यांवर आठवड्यातून एकदा जाणारी, तपासून औषध देऊ शकणारी आणि ‘या बाईला तीन दिवस विश्रांती हवी, तिचा खाडा धरू नये’ असे कारखान्याला बांधील ठरेल अशा कागदावर लिहून देऊ शकणारी परिचारिका असती, तर शस्त्रक्रियेपर्यंत गोष्ट जाण्याआधी आणखी एक वाट उरली असती. आजच्या व्यवस्थेत परिचारिकेच्या अशा कागदाला किंमत नाही.

पहिला आक्षेप असा येईल की घरोघरी जायला आशा कार्यकर्ती आहे, मग सिस्टरचे काय काम? २००५ पासून साधारण हजार लोकांमागे एक आशा आली आणि तिने खूप काही बदलले, हे निर्विवाद. पण गडचिरोलीच्या प्रयोगाचे देशव्यापी रूप काय झाले ते पाहणे उद्बोधक आहे. २०११ पासून आशांनी नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जावे, अशी योजना आली. घरी बाळंतपण झाले तर सात भेटी, दवाखान्यात झाले तर सहा. भेटींचा मोबदला ठरला, तक्ता ठरला, मात्र इंजेक्शनचा भाग गळाला. लक्षण ओळखायचे आणि दवाखान्यात पाठवायचे, मुख्यतः एवढेच उरले. ज्या घरातून बाळाला न्यायला गाडी नाही, पैसे नाहीत, किंवा सासूची परवानगी नाही, तिथे आशाने पुढे काय करायचे? ‘संस्थांचे प्रयोग फुलतात आणि सरकारात गेले की कोमेजतात,’ असे हताशपणे म्हटले जाते. त्याला निधी, देखरेख, माणसांची निवड अशी अनेक कारणे असतात. पण एका कारणाकडे नेहमी दुर्लक्ष होते: विस्तार होतो तो भेटींचा आणि फॉर्मचा, निर्णयाच्या मुभेचा होत नाही. आशा ही सरकारी कर्मचारीही नाही, ती मोबदल्यावर काम करते; औषधोपचाराचा भार तिच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. तो पेलू शकणारी, शिकलेली, नोंदणीकृत व्यक्ती म्हणजे परिचारिका. आशाने घर शोधावे आणि सिस्टरने तिथे निर्णय घ्यावा, अशी ही जोडी आहे.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो गंभीर आहे. परिचारिकेला औषध लिहू दिले तर भोंदूगिरीला सरकारी शिक्का मिळेल, प्रतिजैविकांचा वारेमाप वापर वाढेल, चुकले तर जबाबदार कोण? यातली प्रतिजैविकांची भीती खरी आहे. पण आपण तुलना कशाशी करतो आहोत? ज्या घरात सिस्टर पोहोचते तिथे पर्याय म्हणून एमडी डॉक्टर उभा नसतो. तिथे असतो सलाइन लावून पाचशे रुपये घेणारा बिनपदवीचा ‘डॉक्टर’, औषधदुकानातला पोऱ्या, किंवा कुणीच नाही. शिवाय सरकारने ही रेषा याआधीच ओलांडली आहे. बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी ऑक्सिटोसिन, झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, रुग्णालयात हलवणे शक्य नसलेल्या आजारी बाळाला जेंटामायसिन, हे सगळे द्यायला एएनएमला ठरावीक परिस्थितीत परवानगी आहे. म्हणजे ही औषधे तिच्या हाती देणे शक्य आहे, हे मान्यच झालेले आहे. राहिला भाग तोच विचार पुढे नेण्याचा: लिखित उपचारनियम, मोजक्या औषधांची यादी, फोनवर उपलब्ध डॉक्टर आणि दर महिन्याला तिच्या निर्णयांची तपासणी. दिंडिगलच्या परिचारिकांचे काम शिस्तीत झाले ते त्यांच्यावर अशी नजर होती म्हणून. अधिकार दिला की उत्तरदायित्वही येते. आज ती नियमबाह्य गोष्टी माणुसकीपोटी गुपचूप करते, तेव्हा दोन्ही नसतात.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: रुग्णालयांतच परिचारिका पुरत नाहीत, तिथे घरोघर कुठून पाठवणार? टंचाई जुनी आहे. १९४६ साली भोर समितीला देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आढळली होती. त्यानंतर खूप पल्ला गाठला, तरी शिकलेल्या मुली आखातात, युरोपात जातात, कारण इथे पगार आणि प्रतिष्ठा दोन्ही अपुरे. पण सर्वांच्या घरी जा, असे कुणी म्हणत नाही. साधा हिशेब करू. पाच हजार वस्तीत सुमारे अकराशे घरे धरू. प्रत्येक घरी महिन्याला एकदा जायचे तर कामाच्या पंचवीस दिवसांत रोज ४४ घरे होतात, म्हणजे नुसता उंबरठ्यावरून नमस्कार. त्याऐवजी गावाने, आशाने आणि सिस्टरने मिळून साठ अडचणीतली घरे निवडली आणि तिथे पंधरवड्याला एक भेट ठरवली, तर रोज पाच घरांपेक्षा कमी पडतात. अर्ध्या दिवसात ते शक्य आहे, अट एवढीच की दुसरा अर्धा दिवस संगणकावर एकच माहिती चार ठिकाणी भरण्यात जाऊ नये. आणि पाठीच्या जखमेत जंतू होण्याआधी कूस बदलायला शिकवले, मधुमेहाच्या रुग्णाच्या पायावरचा फोड वेळेत पाहिला, तर रुग्णालयातली खाटही रिकामी राहते. महाराष्ट्रात मनुष्यबळाचा प्रश्न आणखी एका अंगाने पाहायला हवा. २०१८ नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले, तेव्हा अनेक राज्यांनी या जागा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना दिल्या, आपल्याकडे भर प्रामुख्याने बीएएमएस पदवीधरांवर राहिला. त्यांच्या योग्यतेबद्दल वाद नाही. पण शुश्रूषा हे शास्त्र शिकलेल्यांना बढतीची वाट मिळण्याची संधी आपण त्या वेळी अर्धवटच वापरली.

चौथा आक्षेप तात्त्विक आहे आणि तो मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. घरात शिरणारी, यादी करणारी, अधिकार असलेली सरकारी बाई म्हणजे गरिबाच्या खासगी आयुष्यावरची पाळत नाही का? आणीबाणीने दाखवले की होय, असू शकते. म्हणून अधिकार कोणता, हे नीट सांगायला हवे. घरच्यांवर हुकूम चालवण्याचा अधिकार तिला नको. घरच्यांच्या वतीने व्यवस्थेवर चालवण्याचा हवा. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे अंगठा जुळत नाही म्हणून अडले, तर ही बाई हयात आहे आणि मी तिला पाहिले आहे, हा तिचा दाखला तहसीलमध्ये चालला पाहिजे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पक्षाघाताच्या रुग्णाला उचलून जिल्ह्याला न्यावे लागू नये, मंडळानेच घरी यावे असे तिच्या शिफारशीवर ठरले पाहिजे. ग्राम आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून हवेची गादी किंवा वॉकर आणण्यासाठी तिची सही पुरली पाहिजे. कोणत्याही भेटीमागे वरून आलेले उद्दिष्ट नको, आणि घरच्यांनी ‘नको’ म्हटले तर ते ऐकले गेले पाहिजे. दीर्घ शुश्रूषेतून निर्णयाचा नैतिक हक्क तयार होतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एकदा मान्य केलेही आहे. २०११ साली केईएम रुग्णालयात अंथरुणाला खिळलेल्या, स्वतः बोलू न शकणाऱ्या अरुणा शानबागच्या प्रकरणात तिच्या वतीने बोलण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न आला. याचिका करणाऱ्या लेखिकेचा हेतू न्यायालयाने वाईट ठरवला नाही, पण वर्षानुवर्षे रात्रंदिवस तिला सांभाळणारा केईएमचा कर्मचारीवर्गच तिचा खरा निकटचा सुहृद, असे म्हटले. रुग्णालयाच्या खाटेजवळ जे तत्त्व लागू पडते ते झोपडीत का पडू नये?

या सगळ्यावर एक सोपा उतारा आपल्या समाजाकडे नेहमी तयार असतो: गौरव. बारा मेला, परिचारिका दिनी, फुले, साथीच्या दिवसांत टाळ्या, भाषणात ‘सेवेच्या मूर्ती’. गौरवाला खर्च येत नाही, म्हणून तो आवडतो. सेवाभावाची इतकी स्तुती करण्यात एक सोयही असते. जो निःस्वार्थ आहे त्याला पगार, सुट्टी आणि सुरक्षितता मागण्याचा संकोच वाटतो. रात्री वाडीवर एकट्या जाणाऱ्या सिस्टरला वाहन नाही, सोबत नाही, राहायला नीट क्वार्टर नाही, आणि कंत्राट दरवर्षी नव्याने. जिची स्वतःची नोकरी इतकी दुर्बल, तिने दुर्बलांचा आधार व्हावे ही अपेक्षाच विसंगत आहे. पुरावा आपल्याकडे मद्रासपासून गडचिरोलीपर्यंत आहे, आणि त्यातली कोणतीही गोष्ट परदेशी वा महागडी नाही. करायचे ते मोजके आहे: ठरलेल्या घरांची यादी, त्या घरांसाठी राखून ठेवलेला वेळ, औषधांचा आणि दाखल्यांचा लिखित अधिकार, मागे उभा राहणारा डॉक्टर, कायम नोकरी, आणि स्थलांतर करणाऱ्यांसाठी माणसामागे चालणारी नोंद. यासाठी कार्यालयांना आपल्या हातातला थोडा अधिकार सोडावा लागेल, डॉक्टरांना थोडा आणि पुढाऱ्यांनाही थोडा. ही योजना अडेल ती पैशावर नाही, इथे अडेल. म्हणून पुढच्या वेळी कुणी परिचारिकांच्या त्यागाचे कौतुक करू लागला, तर त्याला एवढेच विचारावे: तुमच्या सहीने आज होणारे कोणते काम उद्यापासून तिच्या सहीने होईल?